साउंड ब्लास्टर झेडचा आवाज लिनक्सवर पुन्हा पुन्हा जातो तेव्हा

सगळं व्यवस्थित चालू असतं. मग एक दिवस कॉम्प्युटर सुरू केला की आवाजाच्या सेटिंगमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ उरतं. किंवा कार्डाचं नाव दिसतं, प्लेअरमधली पट्टी वरखाली होते आणि स्पीकर मात्र मुके. दोन-चारदा रीस्टार्ट केल्यावर आवाज कधी परत येतो, कधी येत नाही. आला की आपण कामाला लागतो, पण नेमकं काय केल्यामुळे तो आला हे कळलेलं नसतं. त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे लिखाण क्रिएटिव्हच्या रेकॉन थ्रीडी, साउंड ब्लास्टर झेड, झेडएक्स आणि एई-५ या कुळातल्या पीसीआय एक्सप्रेस कार्डांबद्दल आहे. या सगळ्यांमध्ये सीए०१३२ नावाची चिप असते. जुन्या सेकंडहँड बाजारात ही कार्डं अजून मिळतात, त्यांची अ‍ॅनालॉग बाजू चांगली असते, आणि ‘लिनक्सवर चालत नाही’ एवढं ऐकून लोक ती कपाटात टाकून देतात. ती चालतात. फक्त आवाज बंद पडायची कारणं पाच-सहा आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. एका कारणाचा उपाय दुसऱ्यावर लावला की तासन्‌तास वाया जातात.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

खोक्यावरचं नाव विसरा, चिप बघा

‘साउंड ब्लास्टर’ या एका नावाखाली गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पूर्णपणे वेगवेगळ्या चिपा विकल्या गेल्या. साउंड ब्लास्टर लाइव्ह! ईएमयू१०के१ वर चालायचं आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये फार जुना आहे. पण ‘लाइव्ह! २४-बिट’ या जवळजवळ त्याच नावाच्या कार्डात सीए०१०६ ही निराळी चिप होती. एक्स-फायसाठी सीटीएक्सएफआय हा ड्रायव्हर २००९ साली कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.३१ मध्ये आला, तरी पीसीआय स्लॉटचं ‘एक्स-फाय एक्स्ट्रीम ऑडिओ’ पुन्हा सीए०१०६ वरच चालायचं. म्हणजे नावावरून शोध घेतला की दुसऱ्याच कार्डाचे उपाय हाती लागतात, आणि ते आपल्या मशीनवर करून बघणं म्हणजे नवा घोळ ओढवून घेणं.

‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कमांड द्या आणि यादीत ‘ऑडिओ’ शब्द असलेल्या नोंदी शोधा. या कुळातल्या कार्डाचा क्रमांक ११०२:००१२ असा दिसतो. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा चिपचा. खाली ‘सबसिस्टम’ अशी एक ओळ असते, तीही लिहून ठेवा. त्याच चिपची झेड, रेकॉन आणि एई-५ ही कार्डं एकमेकांपासून वेगळी ओळखायला ड्रायव्हर याच सबसिस्टम क्रमांकाचा आधार घेतो. तो क्रमांक त्याच्या तक्त्यात सापडला नाही, तर ड्रायव्हर कार्डाला साधारण वागणूक देतो आणि बहुतेकदा आवाज येत नाही. खरं ‘असमर्थित’ म्हणायचं ते एवढ्यालाच. बाकी बहुतेक प्रकरणांत कार्डाला पूर्ण समर्थन असतं, अडलेलं असतं दुसरीकडेच.

यादीत कार्डच नसेल, तर लिनक्सला दोष देण्याआधी कॅबिनेट उघडा. कार्ड काढून कॉन्टॅक्ट पुसा, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा.

कार्ड आहे, तर ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ वाचा. तिथे ‘एसएनडी-एचडीए-इंटेल’ दिसायला हवं. क्रिएटिव्हच्या कार्डासमोर इंटेलचं नाव बघून अनेकजण ड्रायव्हर चुकीचा लागला असं समजतात आणि तो काढायच्या मागे लागतात. ड्रायव्हर बरोबर आहे. हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक इंटेलनं २००४ मध्ये आणलं, हे कार्ड त्याच मानकानं कर्नलशी बोलतं, म्हणून ड्रायव्हरच्या नावात इंटेल आहे. ती ओळ रिकामी असेल किंवा तिथे ‘व्हीएफआयओ-पीसीआय’ असेल, तर कार्ड कधीतरी व्हर्च्युअल मशीनला देऊन टाकलेलं आहे किंवा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केलेला, म्हणजे लोड होण्यापासून अडवलेला आहे. ईटीसीखालच्या मॉडप्रोब-डॉट-डी फोल्डरमधल्या फाइली उघडून बघा.

इथेच एक धोक्याची सूचना. मदरबोर्डवरचा आवाज बंद करायचा म्हणून एसएनडी-एचडीए-इंटेल ब्लॅकलिस्ट करा, असा सल्ला जागोजागी मिळतो. हे कार्ड असताना तो अजिबात पाळू नका. मदरबोर्डचा ऑडिओ, ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआय ऑडिओ आणि हे कार्ड, तिघांचा ड्रायव्हर एकच. तो अडवला की तिघंही गेले. मदरबोर्डचा ऑडिओ नको असेल तर बायोसमध्ये जाऊन बंद करा.

आवाज चालू असतानाच नोंद घ्या

वारंवार येणाऱ्या दोषावरचा सगळ्यात उपयोगी उपाय हाच, आणि तो आवाज गेलेला असताना करता येत नाही. आवाज नीट येत असेल त्या दिवशी ‘अल्सा-इन्फो’ ही कमांड ‘नो-अपलोड’ पर्यायासह चालवा. अल्सा म्हणजे कर्नलमधली आवाजाची यंत्रणा; तिच्या अल्सा-युटिल्स पॅकेजमध्ये ही कमांड असते. कर्नलची आवृत्ती, कार्डांची यादी, कोडेकची स्थिती, मिक्सरची प्रत्येक कळ आणि कर्नलचे आवाजासंबंधीचे संदेश असं सगळं ती एका फाइलीत गोळा करते. फाइलीला ‘चालू’ असं नाव देऊन होम फोल्डरमध्ये जपून ठेवा. पुढे आवाज गेला की काहीही करण्याआधी, अगदी रीस्टार्टच्याही आधी, तीच कमांड पुन्हा चालवा आणि दुसरी फाइल करा. मग फरक दाखवणारी ‘डिफ’ कमांड लावून दोन्ही ताडून बघा.

फरक कुठे दिसतो त्यावरून पुढचा रस्ता ठरतो. कर्नलची आवृत्ती बदललेली असेल तर एक रस्ता, डीएसपीचा (कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरचा) संदेश वेगळा असेल तर दुसरा, मिक्सरची एखादी कळ हललेली असेल तर तिसरा. आणि दोन्ही फाइली सारख्या असतील, तर दोष कर्नलच्या वर, पाइपवायरमध्ये, म्हणजे प्रोग्रामांचा आवाज कार्डापर्यंत पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे असं बरंचसं धरून चालता येतं. या दोन फाइलींशिवाय पुढचं सगळं अंधारात चाचपडणं आहे.

फर्मवेअर, आणि विंडोजमधून येण्याची वाट

सीए०१३२ च्या आत एक डीएसपी, म्हणजे ध्वनिप्रक्रियेचा छोटा प्रोसेसर आहे. त्याची प्रणाली कार्डावर कायमची साठवलेली नसते. दर वेळी मशीन सुरू झालं की ड्रायव्हर एक फर्मवेअर फाइल कार्डात भरतो, ती नीट भरली गेली तरच आवाज बाहेर पडतो. कर्नलच्या नोंदीत, म्हणजे ‘सुडो डीमेसेज’च्या निकालात, सीए०१३२ शोधा. ‘डीएसपी डाउनलोडेड अँड रनिंग’ असा संदेश असेल तर हा टप्पा पार पडला. ‘फेल्ड टू डाउनलोड डीएसपी’ असेल तर इथेच थांबा. याच्या वरचं मिक्सर आणि पाइपवायर कितीही ढवळलं तरी काही होणार नाही.

अपयशाचं पहिलं कारण फाइलच नसणं. फर्मवेअरचं मूळ नाव सीटीईएफएक्स-डॉट-बिन, आणि ती लिबखालच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये असते. काही डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकारांमध्ये, ती आकुंचित असते, नावाच्या शेवटी एक्सझेड किंवा झेडएसटी लागतं. त्यात काही वावगं नाही. डेस्कटॉप कार्डांसाठी नावात ‘डेस्कटॉप’ असलेली वेगळी फाइलही आहे. ती सापडली नाही तर ड्रायव्हर मूळ फाइलीवर काम भागवतो. डेबियनमध्ये २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या स्वतंत्र विभागात आहे. जुन्या डेबियनवरून अपग्रेड करत आला असाल, तर हा विभाग सोर्सेस-डॉट-लिस्टमध्ये जोडायचा राहून गेलेला असण्याची शक्यता मोठी. फाइल कोणत्या पॅकेजात आहे ते ‘एपीटी-फाइल सर्च’ सांगतं.

दुसरं कारण जास्त त्रासाचं, कारण ते अधूनमधून उपटतं. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोजमधून रीस्टार्ट करून थेट लिनक्समध्ये येऊ नका. रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज तुटत नाही. विंडोजच्या ड्रायव्हरनं डीएसपी ज्या अवस्थेत सोडला असेल त्याच अवस्थेत तो लिनक्सच्या हाती येतो, आणि नवं फर्मवेअर घ्यायला तयार होत नाही. ‘सोमवारी चालतं, मंगळवारी नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं: सोमवारी मशीन बंद अवस्थेतून सुरू केलेलं असतं, मंगळवारी विंडोजमधून आलेलं.

यावरचा तातडीचा उपाय साधा आहे. शटडाउन करा, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा किंवा प्लग काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. नंतर सरळ लिनक्स सुरू करा. नुसतं शटडाउन बऱ्याचदा पुरत नाही, कारण बंद मशीनमध्येही एसएमपीएस स्टँडबाय वीज देत राहतं.

कायमचा उपाय विंडोजमध्ये करायचा आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे शटडाउन म्हटलं तरी विंडोज अर्धवट झोपी जातं, पूर्ण बंद होत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणानं काय करायचं ते ठरवायच्या पानावर ती बंद करता येते. ती बंद करा आणि विंडोजमधून बाहेर पडताना रीस्टार्टऐवजी शटडाउन करायची सवय ठेवा. फास्ट स्टार्टअप चालू ठेवलं तर एनटीएफएस ड्राइव्हही लिनक्समध्ये फक्त वाचायला मिळतात, त्यामुळे ती बंद करण्यात दुहेरी फायदा आहे.

हा ड्रायव्हर कसा तयार झाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिपची माहितीपत्रकं जगापुढे नव्हती. एका स्वयंसेवकानं क्यूईएमयूच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवलं, खरं कार्ड त्याच्या ताब्यात दिलं, आणि विंडोजचा ड्रायव्हर कार्डाला कोणकोणत्या आज्ञा पाठवतो ते बाहेरून टिपून घेतलं. त्या आज्ञा समजून घेऊन २०१८ मध्ये कर्नल ४.१८ पासून साउंड ब्लास्टर झेडचा खरा आधार आला. इतक्या चिकाटीनं मिळालेली गोष्ट ‘लिनक्सवर चालत नाही’ या एका वाक्यानं झटकून टाकली जाते, याचं मला वाईट वाटतं. अल्साचा जन्मही असाच झाला: यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये हे काम सुरू केलं ते ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या एका कार्डाच्या ड्रायव्हरपासून.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. उबुंटू १८.०४ मूळ ४.१५ कर्नलसह आलं होतं, तिथे हे कार्ड नीट चालणार नव्हतं. त्या काळातले ‘ड्रायव्हर स्वतः कंपाइल करा’ असे उपाय आज करू नका. २०.०४ मध्ये ५.४ आहे, २२.०४ मध्ये ५.१५. जे हवं ते कर्नलमध्येच आहे. बाहेरून बसवलेला जुना ड्रायव्हर दर कर्नल अपडेटला मोडतो, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सहीशिवाय लोडही होत नाही. तसा एखादा बसवून ठेवला असेल तर आधी काढा.

डीएसपी चालू, तरी शांतता

आता ‘अल्सामिक्सर’, म्हणजे टर्मिनलमधला मिक्सर. उघडल्यावर एफ६ दाबून क्रिएटिव्हचं कार्ड निवडा. सुरुवातीला दिसतो तो पाइपवायरचा एकच स्लायडर, त्याचा इथे उपयोग नाही. स्लायडरखाली ‘एमएम’ म्हणजे म्यूट, एम कळ दाबली की ‘००’ होतं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. या कार्डावर फसगत होते ती ‘आउटपुट सिलेक्ट’ या कळीनं. हेडफोन आणि मागचा लाइन आउट एकाच वेळी वाजत नाहीत, त्यातला कोणता ते ही कळ ठरवते. ती हेडफोनवर असेल तर मागच्या जॅकला लावलेले स्पीकर मुकेच राहणार. ‘एचपी/स्पीकर ऑटो डिटेक्ट’ चालू असेल तर जॅकमध्ये काय लावलं आहे त्यावरून ती आपोआप बदलते. तपास संपेपर्यंत ऑटो डिटेक्ट बंद ठेवा आणि हातानं निवडा. ‘प्लेएन्हान्समेंट’, क्रिस्टलायझर असे परिणामही तोवर बंद ठेवलेले बरे.

कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधूनच आवाज येत नसेल, तर आतली वायर बघा. ती बहुतेक मदरबोर्डच्या पिनांवर लावलेली असते. तिथून काढून कार्डावरच्या पिनांवर लावल्याशिवाय पुढच्या जॅकला हे कार्ड दिसणारच नाही.

मिक्सरची ही स्थिती बंद होताना व्हारखाली लिब, अल्सा या फोल्डरातल्या असाउंड-डॉट-स्टेट फाइलीत साठवली जाते आणि सुरू होताना तीच परत लावली जाते. म्हणजे चुकीची कळ एकदा साठवली गेली की रोज सकाळी निष्ठेनं परत येते. सगळं जुळलं, आवाज आला, की लगेच ‘सुडो अल्साक्टल स्टोअर’ द्या.

खात्रीसाठी पाइपवायरला बाजूला ठेवून चाचणी घ्या: ‘स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:क्रिएटिव्ह -सी २ -टी डब्ल्यूएव्ही’. यात पहिला डी आणि क्रिएटिव्हचं पहिलं अक्षर कॅपिटल. डाव्या-उजव्या स्पीकरमधून बोललेला आवाज आला, तर कार्ड, ड्रायव्हर, फर्मवेअर आणि मिक्सर चारही ठीक. ‘डिव्हाइस बिझी’ असं उत्तर आलं तर गाणी, ब्राउझर बंद करून थोडं थांबा. रिकामं कार्ड पाइपवायर काही सेकंदांत सोडतो.

कार्डाचा क्रमांक न देता नाव दिलं ते मुद्दाम. तीन कार्डांचा ड्रायव्हर एकच असल्यामुळे ०, १, २ हे क्रमांक कोणाला मिळतील याची शाश्वती नसते. आज क्रिएटिव्ह १ असेल, उद्या २. असाउंड-आरसी फाइलीत कोणी क्रमांक लिहून ठेवला असेल तर काही दिवस आवाज एचडीएमआयमधून, म्हणजे स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जातो. फाइल काढून टाका, नाहीतर क्रमांकाच्या जागी नाव लिहा.

पाइपवायरच्या बाजूला पाहण्यासारखं कमी आहे. ‘पाव्हूकंट्रोल’ या आवाजाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये कॉन्फिगरेशन पानावर कार्डाचं प्रोफाइल ‘ऑफ’ तर नाही ना, एवढं आधी बघा. एचडीएमआयचं प्रोफाइल मात्र ‘ऑफ’ करून टाका म्हणजे त्याची लुडबुड थांबते. ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’मध्ये मुख्य आउटपुटपुढे तारा दिसतो, तो चुकीच्या जागी असेल तर ‘सेट-डिफॉल्ट’नं हलवा. तरी जुनीच निवड परत येत असेल, तर होममधल्या लपलेल्या ‘लोकल’ फोल्डरात स्टेटखाली वायरप्लंबरचा (पाइपवायरच्या निवडी सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) फोल्डर असतो. त्याचं नाव बदला आणि ‘सिस्टमसीटीएल --यूझर रीस्टार्ट’ देऊन वायरप्लंबर, पाइपवायर आणि पाइपवायर-पल्स तिन्ही नव्यानं सुरू करा.

झोपेतून उठल्यावर

सस्पेंडमधून परतताना ड्रायव्हरला डीएसपी पुन्हा भरावा लागतो. तो भरला गेला का ते वर सांगितलेल्या संदेशावरूनच कळतं. वारंवार अडत असेल तर मॉडप्रोब-डॉट-डीमध्ये फाइल करून ‘ऑप्शन्स एसएनडी-एचडीए-इंटेल’पुढे पॉवर-सेव्ह शून्य आणि पॉवर-सेव्ह-कंट्रोलर ‘एन’ लिहा. दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर, एन कॅपिटल. कार्ड रिकामं असताना झोपवण्याचा प्रकार यानं थांबतो, आणि गाणं सुरू होताना येणारा ‘टक’ आवाजही जातो. मशीनचं सस्पेंड मात्र यानं बदलत नाही. तिथे रोज अडत असेल तर डेस्कटॉपवर सस्पेंडचा आग्रह सोडून शटडाउन केलेलं चांगलं.

कर्नल अपडेटनंतर गेला असेल तर

ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना दिसणाऱ्या बूट मेनूच्या, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल निवडा. बंद अवस्थेतून निवडा, रीस्टार्टनं नको, नाहीतर डीएसपीचा गोंधळ आणि कर्नलचा दोष एकमेकांत मिसळतात. जुन्यावर आवाज आला आणि नव्यावर मात्र बंद अवस्थेतून सुरू करूनही गेला, तर दोष नव्या कर्नलमध्ये आहे. तो कळवणं गरजेचं आहे, कारण ही कार्डं फार लोकांकडे नाहीत आणि कळवल्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. आपल्या डिस्ट्रोच्या बग नोंदवहीत जा. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या कर्नलच्या नेमक्या आवृत्त्या लिहा, सबसिस्टम क्रमांक लिहा, दोन्ही अल्सा-इन्फो फाइली जोडा, आणि बंद अवस्थेतून सुरू करून पाहिल्याचं स्पष्ट सांगा. ते सांगितलं नाही तर पहिलं उत्तर हमखास तोच प्रश्न असतो. दुरुस्ती येईपर्यंत जुना कर्नल पॅकेज मॅनेजरमध्ये ‘होल्ड’ करून ठेवा, म्हणजे साफसफाईत तो उडणार नाही.